आखूड तार, खोल आवाज : वेगळ्या घडणीच्या बास गिटारी कितपत उपयोगाच्या?

शाळेला वाद्य भेट द्यावयाचे ठरले की देणाऱ्याची पहिली नजर त्याच्या रूपाकडे जाते. यात गैर काही नाही. आपली भेट देखणी असावी असे कोणालाही वाटणारच. परंतु बास गिटारीच्या बाबतीत रूप ही केवळ शोभेची बाब नसते. ते वाद्य कोणत्या मुलाच्या हाती राहील आणि कोणत्या मुलीच्या हातून काढून घेतले जाईल, हे त्याच्या घडणीवर आणि तारेच्या लांबीवर ठरते. शाळांच्या आणि मंडळांच्या वाद्यवृंदांत बास गिटार बहुधा उंच मुलाला मिळते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ती हाती घेतली, तर डावा हात पहिल्या पडद्यापर्यंत ताणून धरताना तिचा खांदा दुखू लागतो, स्वर निसटतो आणि ‘हिला हे जमणार नाही’ असा निकाल दिला जातो. वास्तविक प्रश्न हाताच्या लांबीचा असतो. तो पाहता पाहता गुणवत्तेचा होऊन बसतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कमावते झाले आहेत आणि ज्यांच्या मनात विद्यालयाच्या वाद्यवृंदाला काही द्यावे असे आहे, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी पुढील विवेचन डोळ्यांखालून घालावे, अशी विनंती आहे.

प्रथम या वाद्याविषयी थोडे. आज जिला सर्वसाधारण बास गिटार म्हणतात तिचा नमुना लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली बाजारात आणला. त्यापूर्वी खालचा स्वर देण्यासाठी पुरुषभर उंचीचे, उभे धरून वाजवायचे डबल बास हे वाद्य असे. ते बसगाडीत मावत नसे आणि गर्दीत ऐकूही येत नसे. फेंडरने ते आडवे केले, गळ्यात अडकवले, त्याला विजेची जोड दिली आणि दांडीवर पडदे बसवले. त्याने तारेची बोलती लांबी, म्हणजे खुंट्यांकडील पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर, ३४ इंच ठेवले. आपल्या हिशेबात सुमारे ८६ सेंटिमीटर. पुढे हेच माप रूढ झाले. ज्या गिटारींत हे अंतर ३० इंचांच्या, म्हणजे ७६ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यांना आखूड मापाच्या बास गिटारी म्हणतात. या आखूड मापाच्या वाद्यांतच घडणीचे चित्रविचित्र प्रकार फार दिसतात. कोणी व्हायोलिनसारखी, कोणी बिनडोक्याची, तर कोणी खेळण्याएवढी.

‘विचित्र’ या शब्दाने जुन्नर-आंबेगावच्या माणसाने तरी बिचकू नये. ज्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, जिथे पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, त्या नारायणगावच्या मातीत एक अत्यंत विचित्र घडणीचे तंतुवाद्य पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले आहे. ते म्हणजे तुणतुणे. एक लाकडी नळकांडे, त्याचे एक तोंड उघडे, दुसऱ्या तोंडावर कातडे. नळकांड्याच्या बाहेरून ठोकलेली एक काठी, काठीच्या टोकाला एक खुंटी आणि कातड्याच्या मधोमध निघून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. दिसायला हे वाद्य ओबडधोबड आहे. पण ते काखेत बसते, उभ्याने धरता येते, झील ओढताना हलत नाही, आणि एकच तार असूनही स्वर आणि ताल दोन्ही देते. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीच्या मागे उभा असलेला सुरत्या रात्रभर ते वाजवू शके, याचे श्रेय त्याच्या मनगटाइतकेच वाद्याच्या घडणीलाही आहे. सत्यशोधक आणि नंतरच्या आंबेडकरी जलशांनी गावोगाव विचार नेला, तोही ढोलकी-तुणतुण्याच्याच सोबतीने. ‘स्वतःचेच तुणतुणे वाजवणे’ असे म्हणून आपण त्या बिचाऱ्या वाद्याची भाषेत नाचक्की केली आहे. पण त्याचा आकार उभ्याने, चालत, तासन्‌तास वाजवण्याच्या गरजेतून आला आहे आणि ती गरज तो पुरेपूर भागवतो. कोणत्याही वेगळ्या आकाराच्या वाद्याला हाच प्रश्न विचारावा : हा आकार कोणाच्या, कोणत्या गरजेतून आला?

आता तारेकडे वळू. तार किती खाली बोलणार हे तीन गोष्टींवर ठरते : तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे वजन. तार लांब केली की स्वर खाली जातो, ताण वाढवला की वर चढतो, तार जाड आणि वजनदार केली की पुन्हा खाली येतो. आपल्या तंबोऱ्याने यांपैकी लांबीवर भिस्त ठेवली आहे. मिरजेत घडणाऱ्या पुरुषी तंबोऱ्याची तार सुमारे मीटरभर लांब असते, म्हणून तिची खर्जाची तार एक मिलीमीटरही जाड नसताना खोल बोलते. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर ती खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. बास गिटारीची सर्वांत खालची तार याहूनही खाली, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांवर लावलेली असते, आणि तरीही ती तंबोऱ्याच्या तारेहून आखूड असते. हे साधते वजनामुळे. पोलादी तारेवर दुसऱ्या धातूच्या तारेचे वेढे घट्ट गुंडाळून तिची जाडी अडीच मिलीमीटरच्या पुढे नेलेली असते.

मग लांबी आणखी कमी केली तर काय होईल? तीच तार, तोच स्वर, पण ३४ इंचांऐवजी ३० इंचांवर लावली, तर तिच्यावरील ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. याचा लाभ उघड आहे. कोवळ्या बोटांना तार दाबणे सोपे जाते, फोड कमी येतात. तोटाही तितकाच उघड आहे. सैल तार जोरात छेडली की क्षणभर वर चढते, पडद्यांवर आपटून खडखडते आणि शेजारच्या संवादिनीशी तिचे जुळत नाही. कारण संवादिनीचा स्वर काही हलत नाही. मुलांची सवय अशी, की ढोलकी चढली की सगळेच जोरात वाजवू लागतात. सोण कोळिविसाला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला, ती गोष्ट आपल्या विद्यालयातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचा अर्थ साधनेपुरता आहे हे खरे, पण सोण स्वतः वीणावादक होता आणि तो दाखला त्याला लगेच पटला, यावरून तारेचा ताण हा वादकाच्या रोजच्या अनुभवाचा विषय आहे एवढे निश्चित. आखूड गिटारीवर थोड्या अधिक जाड तारा चढवल्या की उतरलेला ताण बराचसा भरून निघतो. मात्र जाड तारेचा आवाज अधिक गोल आणि अधिक दबका येतो. त्याकडे पुढे येऊ.

हाताच्या हिशेबाचे आकडे मात्र स्पष्ट बोलतात. मोठ्या मापाच्या गिटारीवर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरते. आखूड मापावर तेच सुमारे साडेअकरा. दीड सेंटिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. आपला डावा पंजा टेबलावर ठेवून तर्जनी आणि करंगळी १३ सेंटिमीटर फाकवून पाहावी, आणि मग आपल्या सातवीतल्या मुलाला तसे करायला सांगावे. शिवाय दांडीच एकूण १० सेंटिमीटर आखूड असल्याने पहिला पडदा तेवढा अंगाजवळ येतो. कोपर सरळ ताणावे लागत नाही, खांदा खाली राहतो. याच दहा सेंटिमीटरांमुळे आपल्या वाद्यवृंदातील निम्मी मुले या वाद्याच्या कक्षेत येऊ शकतात. आखूड मापाचे समर्थन करण्यास मला दुसरे कारण लागत नाही.

येथवर तारेची गोष्ट झाली. देहाच्या आकाराची गोष्ट वेगळी आहे, आणि दुकानात या दोहोंची गल्लत होते. गिटार गळ्यात अडकवली की ती दोन बिंदूंवर तोलली जाते : एक पट्ट्याचे मागचे बटण, दुसरे पुढचे. पुढचे बटण ज्या शिंगाच्या टोकावर असते ते शिंग जितके डोक्याच्या दिशेने पुढे गेलेले, तितका तोल चांगला. शिंग साधारण बाराव्या पडद्याच्या रेषेपर्यंत पोचत असेल, तर गिटार हात सोडला तरी आडवी राहते. शिंगच नसेल, तर खुंट्यांच्या वजनाने दांडीचे डोके जमिनीकडे झुकते आणि डाव्या हाताला वाजवण्याबरोबर गिटार पेलण्याचेही काम करावे लागते. आखूड मापाने जे मिळवले ते मग येथे गमावले जाते. तिरपे सुळे काढलेल्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या गिटारी रंगमंचावर उठून दिसतात. पण बसून सराव करताना त्या मांडीवरून घसरतात. वसतिगृहातील मुलाचा नव्वद टक्के सराव बसूनच व्हायचा. असली गिटार शाळेला देऊ नये.

सर्वांत प्रसिद्ध वेगळा आकार व्हायोलिनचा. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९५३ साली व्हायोलिनच्या घाटाची आखूड बास काढली होती. तिला खालून एक सरकती दांडी असे, म्हणजे वाटल्यास ती उभी करूनही वाजवता यावी. पुढे १९५६च्या सुमारास जर्मनीतील हॉफनर या व्हायोलिन घडवणाऱ्या घराण्याने पोकळ देहाची बास आणली आणि ती जगप्रसिद्ध झाली ती बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनीमुळे. त्याने ती १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतली. ती स्वस्त होती हे एक कारण; दुसरे असे, की मॅकार्टनी डावखुरा होता आणि दोन्ही बाजू सारख्या असलेले हे वाद्य उलटे धरले तरी वेडेविद्रे दिसत नव्हते. हे दुसरे कारण आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. वसतिगृहात दोन-चार डावखुरी मुले असतातच आणि त्यांच्यासाठी वेगळे वाद्य घेण्याची ऐपत कोणत्याच शाळेची नसते. सारख्या अंगांची गिटार तारा उलट्या क्रमाने लावून त्यांना देता येते. फक्त तारा ज्या खाचांत बसतात ती खुंट्यांजवळची पट्टी बदलून घ्यावी लागते. जाड तार बारीक खाचेत मावत नाही.

या वाद्याचे आणखी दोन गुण आहेत. पोकळ असल्याने ते वजनाला अगदी हलके, आणि वीज नसतानाही खोलीपुरते ऐकू येते. ज्या भागात सायंकाळी वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेथे हा गुण लहान समजू नये. पण त्याला शिंग नाही, पुढचे बटण दांडीच्या बुडाशी, त्यामुळे डोके झुकण्याची खोड थोडीफार असतेच. रुंद, आतून खरबरीत चामड्याचा पट्टा वापरला की ती आटोक्यात येते. दुसरी खोड अधिक त्रासाची. पोकळ देह ध्वनिक्षेपकासमोर आला की घुमू लागतो. छोट्या मंचावर बास वाजवणारा, ढोलकीवाला आणि आवाजाची पेटी एकमेकांना खेटूनच असतात. तेथे हे घुमणे गाणे बिघडवते.

बिनडोक्याच्या बास गिटारीचा शोध १९८०च्या आसपास नेड स्टाइनबर्गर या अमेरिकन रचनाकाराने लोकप्रिय केला. हा मनुष्य मूळचा फर्निचरकडचा. म्हणून कदाचित वाद्य पाहताना त्याला परंपरेचे दडपण आले नसावे. त्याने खुंट्या डोक्यावरून काढून घोडीपाशी नेल्या आणि देह एका लहान फळीएवढा केला. त्यामुळे डोके झुकण्याचा प्रश्नच मुळातून संपला. येथे एक सावधगिरीची सूचना : त्या वाद्याची तार आखूड नव्हती, ती पूर्ण ३४ इंचांचीच होती, आखूड होती ती एकूण लांबी. दुकानदार ‘छोटी बास’ म्हणून जे दाखवतो ते तारेने छोटे आहे की अंगाने, हे टेप लावून पाहावे. आज दोन्ही अर्थांनी आखूड अशा बिनडोक्याच्या बासही मिळतात, आणि मंचर किंवा जुन्नरहून पुण्याला एसटीने वाद्य नेणाऱ्यासाठी त्याहून सोयीचे दुसरे काही नाही. मांडीवर घेऊन बसता येते. अडचण तारांची. यांतील काही घडणींना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात. त्या तालुक्याच्या गावी मिळण्याची आशा नको, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तार तुटली तर वाद्य पेटीतच राहील. साधी तार स्क्रूने आवळून धरणारी घडण असेल, तरच विचार करावा.

एक प्रकार केवळ कुतूहलापोटी सांगतो. इंग्लंडात १९८०च्या दशकात अॅशबरी नावाची बास निघाली. तिची तार अवघी १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटर, आणि ती धातूची नसून रबरासारख्या सिलिकोनची. एवढीशी तार असूनही तिचा आवाज उभ्या डबल बाससारखा धीरगंभीर येतो, तो तिच्या जाडीमुळे आणि सैलपणामुळे. पण बोटे त्या तारेला चिकटतात म्हणून वादक हाताला टाल्कम पावडर लावून बसत, आणि पडदे नसल्याने स्वर नुसत्या कानाने शोधावा लागे. जाणत्या वादकाच्या हाती ते रत्न आहे. शिकणाऱ्याच्या हाती ते दुःखाचे मूळ ठरेल. याच जातीच्या, युकुलेलेएवढ्या देहाच्या पण पडदे असलेल्या बासही आता मिळतात. त्या अगदी लहान मुलांसाठी वाईट नाहीत, तरी त्यांच्यावर शिकलेल्या हाताला पुढे पोलादी तारेची सवय नव्याने करावी लागते.

आता आवाजाचा मुद्दा, ज्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. आपले कार्यक्रम उघड्या मैदानावर होतात आणि आवाज बहुतेक वेळा कर्ण्यांतून जातो. कर्णा मनुष्याच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे. काही शे कंपनांच्या खालचे तो जवळजवळ सोडूनच देतो. मग ४१ कंपनांची तार त्यातून कशी ऐकू यावी? ती ऐकू येते ती तिच्या उपस्वरांमुळे. तार आपल्या मूळ स्वराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनेही देत असते; ती कानी पडली की आपला मेंदू मूळ स्वराची भर स्वतः घालतो. मोठ्या मापाची ताणलेली तार उपस्वरांनी श्रीमंत असते. आखूड, जाड, सैल तार त्या मानाने गरीब. तिचा आवाज बंद खोलीत लोण्यासारखा लागतो, पण कर्ण्यातून गेला की नाहीसा होतो. यावर उपाय आहेत. तारा गोल वेढ्यांच्या आणि नव्या असाव्यात, हात घोडीच्या जवळ ठेवून छेडावे, आणि यंत्रावरील बासचे बटण वाढवण्याऐवजी थोडे कमी करून मधले स्वर वाढवावेत. खालचा स्वर ऐकू यावा म्हणून खालचे बटण कमी करायचे, हे मुलांना पटवणे कठीण जाते. करून दाखवले की पटते.

या सर्वांचा विचार करता माझी स्वतःची निवड अगदीच साधी आहे. ३० इंची तार, भरीव देह, वरचे शिंग पुढे आलेले, नेहमीच्या चार खुंट्या. फेंडरने १९६६ साली शिकणाऱ्यांसाठी ‘मस्टँग’ नावाची अशी बास काढली आणि तिच्या धर्तीवरील स्वस्त वाद्ये आज अनेक कंपन्या करतात. ते दिसायला विशेष नाही. भेट देणाऱ्याचा त्यामुळे थोडा हिरमोड होईल, आणि छायाचित्रातही ते व्हायोलिन-बासइतके खुलणार नाही. पण ते मांडीवर बसते, गळ्यात तोलते, आणि वीज न जोडता वाजवले तर शेजारच्या पलंगावर झोपलेल्या मुलाची झोप मोडत नाही. विद्यालयाकडे एक बास आधीच असेल आणि दुसरी द्यावयाची असेल, तर व्हायोलिनच्या घाटाची अवश्य द्यावी. डावखुऱ्यांची आणि नाजूक खांद्यांची सोय होईल.

खरेदीच्या वेळी ज्याने ते वाजवायचे त्या मुलांपैकी एकीला किंवा एकाला बरोबर न्यावे. सर्वांत उंच मुलाला नव्हे, सर्वांत लहान चणीच्या मुलाला. त्याला आधी बसवून आणि मग उभे करून पाहावे. उभे असताना त्याने डावा हात सोडावा आणि दांडी खाली जाते का ते आपण पाहावे. पहिल्या पडद्यावर खालची तार दाबताना त्याचे कोपर सरळ होते का, तेही पाहावे. तारांचे दोन जादा संच त्याच दिवशी घ्यावेत, कारण दुकानांत सहज मिळतात ते मोठ्या मापाचे. मोठ्या मापाची तार आखूड गिटारीला लावण्याची वेळ आलीच, तर ती खुंटीत ओवण्यापूर्वी काटकोनात वाकवून मगच कापावी. सरळ कापली तर आतला वेढा सैल होऊन तार कायमची मुकी होते.

आणि पावसाळा. भीमाशंकर, माळीण, नाणेघाटाच्या बाजूला जो पाऊस पडतो तो बेल्हे-पारगावच्या माणसाला सांगून खरा वाटत नाही. त्या चार महिन्यांत लाकडी दांडी ओल पिऊन वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि आखूड गिटारीचा सगळा सुलभपणा नाहीसा होतो. वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नये. पेटीत, जमिनीपासून वर, कोरड्या कापडात ठेवावे. वाजवून झाल्यावर तारा पुसाव्यात. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते आणि तिच्या टोकाला किल्ली बसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवा कोरडी झाली की, जाणत्या माणसाकडून तिला पाव फेरा देऊन घ्यावा. ती किल्ली वाद्याबरोबर पेटीतच येते आणि पहिल्याच महिन्यात हरवते, म्हणून ती पेटीच्या कडीला दोऱ्याने बांधून ठेवावी.